वॉटी डथीच्या डब्यातली खेप

स्कॉटलंडमधल्या डंडी गावच्या लोकी भागात वॉटी डथीला सगळे ओळखतात आणि निम्मे त्याला बघून रस्ता ओलांडतात. जन्मभर बस चालवली गड्याने. उतारूंवर खेकसायचा, पाऊस असला की स्टॉपच्या चार पावलं पुढे नेऊन थांबवायचा. पण एखादी म्हातारी पिशव्या सांभाळत चढली, की ती नीट टेकेपर्यंत गाडी हलायची नाही. मागून कितीही हॉर्न वाजू देत.

रिटायर झाल्यावर खेकसायला उतारू उरले नाहीत. मग तो सगळा जोर लागला कॉम्प्युटरवर. तो रबरी बटनांचा छोटा काळा डबा, टीव्हीला जोडायचा, ब्याऐंशी साली याच गावात घड्याळांच्या फॅक्टरीत जुळवायचे तो. बाहेरून सगळे सारखेच दिसतात. पण आतला बोर्ड दर खेपेला बदलत गेला. पहिली खेप, दुसरी, तिसरी. आणि या खेपांवरून चर्चच्या मागच्या हॉलमध्ये दर शनिवारी नातवंडंवाली माणसं भांडतात. कुत्री भेटली की हुंगतात ना, तशी ही मंडळी भेटली की आधी एकमेकांच्या डब्याचं झाकण उघडतात. तुझी चिप कुठली, तुझा पत्रा इकडे कसा, तुझी बटनं निळसर का. पहिल्या खेपेची खूण म्हणजे एक चिप उलटी चिकटवलेली, पाय आभाळाकडे. या शनिवारच्या क्लबात तिला मेलेलं झुरळ म्हणतात. ज्याच्या डब्यात झुरळ, तो राजा.

वॉटी राजा होता. बिनविरोध नाही, कारण नॉरी क्रायटन होता. नॉरी नळदुरुस्तीवाला. त्याच्याकडेही झुरळ होतं आणि तो ते येईल त्याला उघडून दाखवायचा. वॉटीने मात्र आपला डबा कधी उघडला नाही. उघडायचा कशाला? बटनं पहिल्या खेपेची, फिकट राखाडी. पाठीमागच्या स्क्रूंवर फॅक्टरीचा लाल रंग जसाच्या तसा. आणि मुख्य म्हणजे हा डबा जेसने दिलेला, लग्नात.

जेस म्हणजे त्याची बायको. त्या फॅक्टरीत लाइनवर बसून ती बोर्डांना सोल्डर मारायची. क्लबात ती चहा ओतते, ब्रिडी म्हणजे इथली खिम्याची करंजी गरम करते आणि खेपांच्या भांडणात तोंड घालत नाही.

नवीन कोणी आला की वॉटी त्याला धरून तीच गोष्ट सांगायचा. लग्नाला महिना झाला नव्हता. याने डबा चालू असतानाच मागून जॉयस्टिक जोडायची पेटी उपटली. असं केलं की डबा मरतोच, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पडदा काळा. हा शिव्या घालत ड्युटीवर गेला आणि परत येऊन बघतो तर डबा ठणठणीत. "आपला आपण बरा झाला," वॉटी सांगायचा. "पहिली खेप म्हणजे वाघ. तिसरी म्हणजे मांजर, तिला फुंकर मारली तरी मरते. शिवाय माझ्या हाताला गुण आहे." मग घरचा रेडिओ आणि किटली त्याच्या हातात कशी आपोआप सुधारली, तेही ऐकावं लागायचं.

यंदा गावच्या म्युझियमला काचेच्या पेटीत ठेवायला पहिल्या खेपेचा एक डबा हवा होता. नॉरीने आपला देऊ केला. वॉटीनेही केला, पण एका अटीवर: खालच्या पाटीवर जेसचं नाव पाहिजे. हा बनवणारी बाई, जेस डथी. आयुष्यात त्याने कुणाकडे काही मागितलं नव्हतं, रजासुद्धा नाही. हे मात्र म्युझियमच्या बाईला तीनदा फोन करून सांगितलं. तिचं म्हणणं साधं होतं. नाव लावू, पण आत काय आहे ते आधी बघू.

शनिवारी हॉल भरला. वॉटी इस्त्रीचा शर्ट घालून आलेला. जेसने त्याला दारातच अडवलं आणि हळूच म्हणाली, "नॉरीचा जाऊ दे ना. कशाला उघडतोस?"

"तुझं नाव लागणार आहे, जेस."

"मला नकोय."

पण वॉटी बसवाला. ब्रेक मारायचं त्याच्या मनात नसलं, की तो मारत नाही. बसला स्क्रू काढायला. नॉरीने चष्मा पुढे ओढला, स्क्रूवरचा लाल रंग नखाने खरवडला आणि म्हणाला की हा रंग फॅक्टरीचा नाही, हे नेलपॉलिश आहे. कुणी लक्ष दिलं नाही. झाकण निघालं.

झुरळ नव्हतं. बोर्डवर स्वच्छ छापलेलं, तिसरी खेप.

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. वॉटी बोर्डकडे बघत राहिला, उतारू नसलेल्या बसकडे बघतात तसा. मग मान वळवून जेसकडे बघितलं.

जेसने किटली खाली ठेवली. "तू मारलास तो डबा," ती म्हणाली. "ड्युटीवर जाताना तोंड असं केलं होतंस, जसा काही तुझा बापच गेला. मी लाइनवर नापास झालेला एक बोर्ड आणला, नीट केला आणि आत बसवला. परत येऊन नाचलास. मग कशाला सांगू?"

ते सगळ्यांच्या गळी उतरत होतं, पण नॉरी बोटांवर काहीतरी मोजत होता. "थांब, जेस. तुमचं लग्न ब्याऐंशीतलं, म्हणजे डबाही तेव्हाच मारला. तिसरी खेप ब्याऐंशीत निघालीच नव्हती."

"मग? मी कुठे म्हटलं की त्याने एकदाच मारला?"

आता मात्र हॉल फुटला. म्युझियमची बाईसुद्धा तोंडावर रुमाल धरून भिंतीकडे वळली. पहिला बोर्ड वॉटीने मारला, तिने दुसऱ्या खेपेचा घातला. पुढच्या वर्षी याने तोही मारला, मग तिने तिसऱ्या खेपेचा घातला. दोन्ही वेळा स्क्रूंवर नेलपॉलिशचा ठिपका. आणि हा बाबा चाळीस वर्षं मांजराच्या पाठीवर बसून वाघाच्या गप्पा मारत होता.

वॉटीच्या कानांचा रंग नेलपॉलिशसारखा झाला. आता हा कुणाचं तरी डोकं फोडणार, असं वाटलं. त्याने झाकण लावलं, स्क्रू एकेक करून आवळले आणि डबा काखेत मारला. म्युझियमच्या बाईला म्हणाला, "नॉरीचा घ्या. त्याचं झुरळ खरं आहे. हा मी देत नाही. मेलो तरी नाही."

नॉरीला काय सुचलं कोण जाणे. तो म्हणाला, माझ्या डब्याखाली जेसचं नाव लावा, माझं नको. तोही याच गावच्या लाइनवरून आलाय.

"काचेत मेलेल्यांची नावं लावतात," जेस म्हणाली. "मी अजून चहा ओततेय. सगळ्या लाइनचं लिही, हवं तर."

तसंच लिहिलं आहे पाटीवर. जाऊन बघा.

वॉटीचं म्हणाल, तर पुढच्या शनिवारी त्याने एका नव्या माणसाला कोपऱ्यात गाठलं होतं. तिसरी खेप म्हणजे वाघ, चाळीस वर्षं एकदा कुरकुरली नाही, आणि पहिली म्हणजे मांजर, असं चाललं होतं. बाजूला नॉरी ब्रिडी खात होता.

पण त्या दिवशी, हॉलमधून निघताना, पायऱ्यांवर वॉटी थबकला होता.

"जेस, तो रेडिओ?"

"चल, बस चुकेल."

"आणि किटली?"

"घरी चल आधी," जेस म्हणाली आणि त्याच्या काखेतला डबा स्वतःकडे घेतला. "उभ्याने ऐकण्यासारखं नाही ते."