बाळ लगेच रडलं होतं का?

हा प्रश्न मला इतक्या डॉक्टरांनी विचारलाय की आता खुर्चीवर टेकायच्या आधीच मी सांगून टाकते, नाही रडला. बराच वेळ नाही रडला.

पहिलं बाळंतपण माहेरी, गंगापूरजवळच्या खेड्यात. सकाळी पोटात दुखायला लागलं तेव्हा आई म्हणाली, पहिलटकरणीला वेळ लागतो, ऊन उतरलं की जीपनं निघू. दवाखान्यात पोचलो तोवर उशीर झाला होता. मुलगा काळानिळा आणि गप्प. वर्षाचा झाला तरी मान धरेना, तेव्हा सेरेब्रल पाल्सी हा शब्द घरात आला. सासरी त्याचा अर्थ एकच, हिच्या आईनं उशीर केला. मलाही तेच वाटायचं.

दहा वर्षं मी आईशी कामापुरतं बोलले. ती शहरात छावणी भागातल्या आमच्या खोलीवर यायची, नातवाचे आखडलेले पाय तेल लावून चोळायची आणि मी तिला चहासुद्धा विचारायची नाही. इतकी वाईट वागले मी.

गेल्या वर्षी नव्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या मेंदूचा फोटो काढायला लावला. नवरा शेंद्र्याला कंपनीत ड्युटीवर, म्हणून रिपोर्ट दाखवायला मी एकटीच गेले, अकरा वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन.

बाई म्हणाल्या, "हजारात दोन-तीन मुलं अशी असतात. सगळे बाळंतपणाला धरून बसतात, पण बऱ्याच जणांचं पोटात असतानाच बिघडलेलं असतं. याचंही तसंच दिसतंय. तुम्ही लवकर पोचला असतात तरी बहुतेक हेच झालं असतं."

"कशामुळं?"

"ते नाही सांगता येत."

तो कधी पायांवर चालेल का, हे मी विचारलं नाही. ते मला दिसतच होतं.

तशीच जीप धरून माहेरी गेले. आई ओसरीवर लसूण सोलत होती. मुलाला तिच्याजवळ निजवलं आणि सगळं सांगितलं. तिची माफी मागायचं वाटेत ठरवलं होतं.

तिनं हातातली पाकळी सोलून संपवली. "जावयाला सांगितलंस का?"

"अजून नाय."

"मंग नको सांगू."

"आई, तुझी चूक नव्हती गं."

"व्हय, पर मंग कुनाची? पोटातच झालं म्हनशील, तर ती मान्सं तुझ्या पोटाला नावं ठिवतील. तुला त्या घरात ऱ्हायचंय, माय. मी इथं लांब हाय. माझ्याच नावावर असू दी."

मी भांडायला हवं होतं. नाही भांडले. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं, आणि त्याची लाज अजून जात नाही. माफी मागायचीही राहून गेली.

संध्याकाळी खोलीवर परतले, तेव्हा नवऱ्यानं बूट काढता काढता विचारलं, "काय म्हणाल्या डॉक्टर?"

"तेच," मी म्हणाले. "उशीर झाला म्हणून."