नावेच्या खुंट्याला शेंदूर

नांदेडात नदीकाठ सुशोभित करायचं काम सुरू झालं तेव्हापासून माझा पाय घरात ठरत नाही. आमचं शेत गोदावरीच्या पलीकडे. वांगी, भेंडी, मेथी नावेतून येते आणि जुन्या घाटाला उतरते. उन्हाळ्यात नदी आटली की भरलेली नाव पायरीला लागते ती एवढ्याच ठिकाणी, कारण घाटाखाली डोह आहे. नकाशात तिथे भराव आणि फरशी दाखवली होती. म्हणजे नाव कायमची बंद.

मी अर्ज घेऊन कचेरीत खेटे घालत होते. आमच्या नावाड्याला तेवढा दम नव्हता. एका सकाळी पाहिलं, तर नाव बांधायच्या दगडी खुंट्याला त्यानं शेंदूर फासलेला, वर झेंडूचा हार.

"वहिनी, आता कुणाची टाप हाय हात लावायची?"

"माझा अर्ज चालू आहे ना?"

"अर्ज झोपलाय टेबलावर. देव जागा हाय."

इंजिनिअर आला. बूट काढून त्यानं नमस्कार केला आणि खुंटा हलणार नाही म्हणाला. नावाडी माझ्याकडे बघून हसला. मग इंजिनिअरनं पुढचं सांगितलं: देवाभोवती रेलिंग, आणि प्रदक्षिणेला जागा हवी म्हणून समोरचा डोह भरून ओटा.

"खरवडून काढ तो शेंदूर," मी नावाड्याला हळूच म्हटलं.

"काय बोलून राहिल्या वहिनी! बायको सकाळीच नारळ फोडून गेली. आता देव हाय तो."

तो काढणार नव्हता. मग देवालाच कामाला लावणं भाग होतं. मी म्हटलं, "साहेब, हा नावेचा देव. नावेनं रोज येऊन त्याच्या पाया पडायचं असतं. मधे ओटा आला तर ती येणार कुठून?"

नावाड्यानं लगेच हात जोडले. "लई कडक हाय सायब. कोपतो."

इंजिनिअरनं डोकं खाजवलं आणि नकाशावर नावेपुरती जागा मोकळी सोडली. सही मात्र वरच्या साहेबांची लागते.

तोवर दोन्ही अंगांना मुरूम पडतोच आहे, आणि पाण्यात पडलेला मुरूम नकाशातली रेघ पाळत नाही. रोज कामावर जाण्याआधी मी घाटावर जाते, नावाडी डोहात बांबू सोडतो. कालपर्यंत तो तळाला लागत नव्हता. आज तळाला टेकून हातभर पाण्यावर राहिला. नावाड्याला मुरमाच्या टिप्परपुढे उभं केलं आणि ऑटोनं कचेरी गाठली. वरचे साहेब आले नव्हते. बाकड्यावर न बसता मी शिपायाला त्यांच्या घराचा पत्ता विचारला.