अमोलच्या वजनाचा गूळ

रविवार, ११ फेब्रुवारी २०२४. ब्याऐंशी किलो गूळ, चार हजार नऊशे वीस रुपये. हा कोल्हापुरी गूळ शिवदास गवस यांच्या जुन्या व्हॅनमध्ये भरून आम्ही सकाळीच डिचोली सोडली. पुढे शिवदास आणि त्यांच्या आई जानकीबाई, मागे शिवदासांची पत्नी तारावहिनी, मुलगा अमोल आणि मी. पायाखाली ढेपी होत्या, त्यामुळे गुडघे हनुवटीला लागत होते. वजन बघायला त्रयस्थ माणूस हवा म्हणून वहिनींनी मला बोलावले होते. निवृत्तीला वर्ष उरलेल्या पतसंस्थेच्या लेखापालाला रविवारी दुसरे काम नसते, हे त्यांना ठाऊक होते.

तारावहिनी मूळच्या दोडामार्गकडच्या. लग्न होऊन डिचोलीला आल्या तेव्हा शिवदास खनिजाचा ट्रक चालवायचे. खाणी बंद पडल्या, ट्रक दारात उभा राहून गंजला आणि वहिनींनी बसस्टँडजवळ पातळभाजी-पावाचा गाडा टाकला. मी तिथला जुना गिऱ्हाईक. त्यांचे एक वाक्य स्टँडवर सगळ्यांना पाठ आहे. कोणाच्या धक्क्याने चहा सांडला यावरून दोघे भांडू लागले, की फळी पुसत त्या म्हणतात, “ता माझ्यार घाल रे. बस चुकतली तुझी.” पदेराने पाव उशिरा आणला आणि गिऱ्हाईक त्याच्यावर ओरडले, तरी तेच, दोष आपल्यावर घ्यायचा. “ता माझ्यार घाल.”

सासूबाईंना गूळ बाधतो असे घरात सगळे समजत होते. गेल्या चवथीला वहिनींनी गुळाचे फोव, म्हणजे पोहे, पुढे केले आणि एक घास तरी खा म्हणून हट्ट धरला. तेव्हा जानकीबाई म्हणाल्या, “सातेरीक दिल्याशिवाय कसा खांव गो?”

मग सगळे बाहेर आले. अमोल दोन वर्षांचा असताना जानकीबाई त्याला घेऊन पेडण्याकडे माहेरी भातलावणीला गेल्या होत्या. पोराला ताप चढला, झटके आले. त्याला उचलून त्या धावत सुटल्या आणि वाटेत दिसलेल्या सातेरी देवीच्या देवळात शिरल्या. “ह्येका वाचय. ह्येच्या वजनाचो गूळ तुका घालतंय. तवसर माझ्या तोंडात गूळ नाय.” पोर वाचले. आधी पैसे नव्हते, पुढे सांगायची लाज वाटली, आणि मग देऊळ कोणते तेच आठवेना. भावांनी जमीन विकून माहेरही तिथून हलवले होते. पेडण्यात सातेरी गावोगाव आहे, आणि प्रत्येकीच्या गाभाऱ्यात देवी म्हणून पुजलेले वारूळ.

यंदाच्या थंडीत जानकीबाईंना दोनदा इस्पितळात न्यावे लागले. दुसऱ्यांदा घरी आल्यावर त्या वहिनींना एवढेच म्हणाल्या, “मराच्या आधी एकदा गुळाचे फोव खावचे आसत.” म्हणून हा प्रवास.

मला एक शंका होती. नवस बोलला तेव्हा पोर नऊ-दहा किलोचे असणार. मग देणे तेवढेच धरायला नको का? वाटेत मी ती जानकीबाईंना विचारली. त्यांनी मागे वळून अमोलकडे बघितले. “ह्येच्या वजनाचो म्हटलंय. हो तोच मां?”

मी हिशेब ब्याऐंशीवरच ठेवला.

पहिल्या देवळात काळा ग्रॅनाइट होता. दुसऱ्यात पांढरा संगमरवर, तिसऱ्यात भिंतींनाही टाइल्स. वहिनी प्रत्येक ठिकाणी ओटी भरत. जानकीबाई साडी-फुलांनी सजवलेल्या वारुळाला हात जोडत, मग सभामंडपात उभ्या राहून चारी बाजूंना बघत आणि म्हणत, “ही नव्हे.” एका ठिकाणी पुजाऱ्याने आग्रह केला की सातेरी सगळी एकच, इथेच घाला. त्यांनी ऐकले नाही. “शेजारणीचा घेतलेला शेजारणीकच दिवचा लागता,” म्हणाल्या.

चौथ्या देवळातून बाहेर पडताना अमोल केळे सोलत म्हणाला, “आजी, तू पोरी बघूक भायर सरलंस काय? चार नाकारलंस.”

“तू धा नाकारलंस ता इसारलंस?” आजी म्हणाली. “आणि ता केळा खाव नको. वजन वाढतला.”

मोरजीच्या वाटेवर रशियन अक्षरांच्या पाट्या सुरू झाल्या, तिथून आम्ही आत एका वाड्यावर वळलो. पाचवे देऊळ बघून शिवदासांनी व्हॅन बंदच केली नाही. जीर्णोद्धार चालू होता. फरशी उखडून बाहेर रचलेली, भिंतींचे प्लास्टर खरवडलेले. वारूळ जागेवर कापडाने झाकले होते आणि देवीचा पूजेतला कळस बाजूच्या पत्र्याच्या मांडवात ठेवला होता. “हंय काय दिसतला?” शिवदास म्हणाले. पण जानकीबाई उतरल्या होत्या.

आतल्या जुन्या चिऱ्यांच्या भिंतीत, प्लास्टरखाली बुजलेला एक कोनाडा उघडा पडला होता. आतून काजळीने काळा. म्हातारीने त्यात मनगटापर्यंत हात घातला.

“हंय पणटी होती. तिचा तेल ह्येच्या कपाळाक लायलंय.” मग हळूच म्हणाली, “ही ती.”

देवळाचे गुरव बाबाजी आले. त्यांनी सगळे ऐकून घेतले, तराजू काढला आणि मांडवाच्या वाशाला टांगला. एका पारड्यात अमोल मांडी घालून बसला. दुसऱ्यात शिवदास आणि मी ढेपी रचल्या. शेवटची ढेप ठेवली तरी अमोल जमिनीवरच.

बाबाजींनी गुळावर दोन-दोन किलोची दोन मापे ठेवली. दांडी सरळ झाली.

“अमोल,” वहिनी म्हणाल्या, “घरचो काटो किती सांगता?”

“शहाऐंशी.”

“मगे ब्याऐंशी कशाक सांगलंस?”

“कोमलीक तितक्या सांगलंय,” अमोल पारड्यातूनच म्हणाला. कोमल म्हणजे त्याची बायको, ती त्याचा भात मोजून वाढते. “मगे तोच आकडो तोंडात बसलो.”

दुपारची वेळ, रविवार, वाड्यावरचे दुकान बंद. अमोलने चार किलो नारळ सुचवले. “गूळ म्हटलेलो मां? मगे गूळच,” बाबाजी म्हणाले. देवळाच्या कोठीत गूळ होता, तो मी उसना मागितला. त्यांनी माझ्याकडे जरा रोखून बघितले. “देवीचोच गूळ देवीक?”

“नाय झाला मां? मगे माका नको,” एवढे म्हणून जानकीबाई व्हॅनकडे चालू लागल्या. वहिनींनी घरून आणलेला फोव-खोबऱ्याचा डबा माझ्या हातात होता.

वहिनींनी पदर खोचला. “बाबाजी, देवीक गाऱ्हाणा घाला. उरलेलो गूळ माझ्यार घाल म्हणा. आईचा तोंड सोड, माझा बांध.”

जानकीबाई थांबल्या. “तुका गुळाशिवाय च्या जायना गो.”

“ता मी बघतंय. तुम्ही बसा.”

बाबाजींनी कौल घ्यायला कळसाला दोन बाजूंना फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणे सुरू केले. “बा देवी म्हाराजा, सासूचा देणा सुनेन आपल्यार घेतला हा, ता मान्य आसात तर उजवो दी...”

“व्हय म्हाराजा,” शिवदास म्हणाले. मीही म्हणालो.

बराच वेळ दोन्ही पाकळ्या जागच्या हलल्या नाहीत. अमोल पारड्यात तसाच बसून होता. मग उजवी सुटली आणि खाली पडली.

बाबाजींनी ढेपेचा एक तुकडा फोडून प्रसाद म्हणून दिला. वहिनींनी तो फोवात चुरला आणि सासूला भरवला. आम्ही सगळे बघत राहिलो. म्हातारीने सावकाश चावले, गिळले.

“कसो लागलो?” अमोलने विचारले.

“आमचो माडाचो गूळ आसायचो. हो तसो नाय,” जानकीबाई म्हणाल्या आणि डबा स्वतःकडे ओढून घेतला.

उरलेला गूळ वैशाखात देवळाच्या शिखरावर कलश चढेल तेव्हा आणा, असे बाबाजींनी सांगितले आहे. शिगमा होऊन गेला. जानकीबाईंचे फोव रोज चालू आहेत. वहिनी गाड्यावर साखरेचा चहा पितात आणि अर्धा टाकून देतात. देवीला चार किलो गूळ द्यायचा बाकी आहे.