डोहात राहिलेला मासेमार

लातूर वेगळा जिल्हा झाला त्या वर्षीच्या हिवाळ्यात मी पाटबंधारे खात्याच्या कामावर होतो आणि कंधारजवळच्या धरणावर रोज सकाळी पाण्याची पातळी वहीत नोंदवायला जायचो. तिथं एक मासेमार थंडीभर आपल्या होडीतच राहायचा. घमेल्यातली चूल, एक घोंगडी आणि जाळं, एवढाच त्याचा संसार. हाक मारली की आधी आभाळाकडं बघायचा, मग सावकाश म्हणायचा, "हाव साहेब, हाय की इथंच." त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

दुष्काळानं पाणी आटत गेलं आणि शेवटी मधला डोह तेवढा उरला. बाकीचे मासेमार हाती लागतील तेवढे मासे धरून निघून गेले. हा राहिला. पुढं पाणी गढूळ झालं, मासे मरून तरंगायला लागले. गावाला प्यायचं पाणी त्याच डोहातून जायचं.

एका सकाळी बघतो तर हा मेलेले मासे टोपल्यात गोळा करून लांब काठावर खड्ड्यात पुरत होता. बोटं गारठून वाकडी झाली होती.

"हे काम कुणी सांगितलं तुम्हाला?" मी विचारलं.

"कोन सांगनार? कुजले तर पानी नासंल. लेकरं पितेत, साहेब."

"कधीपासून करताय?"

"झाले की आठ-धा दिवस."

रोज येऊनही मला ते दिसलं नव्हतं. मी वही काठावर ठेवली, पँट दुमडली आणि दुसरं टोपलं मागितलं. त्यानं ते वाळूनं घासून स्वच्छ केलं आणि मगच माझ्या हातात दिलं.