सॅपर शेवकरीचा घोटा

माझी बदली दिघीच्या लष्करी इस्पितळात झाली तेव्हा घरची मंडळी हिरमुसली. मुलगा फौजेत गेला आणि पोचला कुठे, तर चाकणजवळच्या आपल्याच गावापासून सायकलीच्या अंतरावर. वडील लोकांना सांगताना नुसतं "लांब आहे" म्हणत.

पन्नास साल उलटून काही वर्षं झाली होती. पिंपरीच्या माळावर औषधाचा कारखाना नुकता उभा राहिला होता. भोसरीच्या पुढे मात्र बाभळी, खडक आणि आमची तारेची कुंपणं. मी लान्स नाईक होतो, एक्स-रे असिस्टंट. शत्रू मी कधी पाहिला नाही. आपल्याच माणसांची हाडं मात्र रोज पाहिली.

आमच्या शेजारी इंजिनिअर्सची एक ट्रेनिंग कंपनी होती. पूल बांधणं, बोटी जोडणं, रस्ते करणं हे त्यांचं काम. सकाळी सिक परेडला, म्हणजे आजाऱ्यांच्या हजेरीला, त्यांची माणसं येत. चेचलेली बोटं, फळीखाली सापडलेले पाय. डॉक्टर सांगतील त्याची मी फिल्म काढायची, डार्करूममध्ये धुवायची, वाळवायची आणि टेबलावर ठेवायची. फिल्मवर बिघाड नसला की डॉक्टर तीन अक्षरं लिहीत, एन.ए.डी. म्हणजे दोष आढळला नाही. या तीन अक्षरांनी किती माणसांना खोटं ठरवलं ते मी सांगू शकत नाही, पण एकाचं सांगतो.

सॅपर, म्हणजे त्या इंजिनिअर कंपनीतला साधा जवान, किसन शेवकरी माझ्या गावापासून दोन गावं पलीकडचा. उंच, हाडापेराने मजबूत, बोलायला कमी. चालता चालता त्याचा उजवा घोटा आत वळायचा आणि तो जागच्या जागी बसायचा. घोटा सुजायचा, चार दिवसांनी उतरायचा, मग पुन्हा तेच. दर वेळी मी फिल्म काढली आणि दर वेळी ती स्वच्छ निघाली.

त्यांचा कंपनी हवालदार मेजर जगताप. कडक माणूस, स्वतः कधी आजारी पडला नाही आणि दुसऱ्यानं पडलेलं त्याला खपायचं नाही. तो सगळ्यांसमोर म्हणायचा, "हाड शाबूत आहे. माणूस कामचुकार आहे."

आता नागरी वाचकांना एक पद्धत सांगायला हवी. फौजेत पायाची तक्रार घेऊन कोणी आला की त्याला एक्सक्यूज बूट मिळतं. म्हणजे बूट माफ. बूट स्टोअरला जमा करायचे आणि पाय बरा होईपर्यंत कॅनव्हासचे शूज घालून हिंडायचं. फोडांना, कुरूपांना हे चांगलंच. जवानही खूश असतात, कारण बूट माफ म्हणजे परेड माफ. किसन हा मी पाहिलेला एकच जवान, जो माफी नको म्हणायचा.

"बूट राहू द्या साहेब," तो म्हणायचा. "बुटात पाय धरून ऱ्हातो. शूजमधी त्यो सैल पडतो."

जगतापला हाच पुरावा वाटला. ज्याचा पाय दुखतो तो बूट मागेल कशाला? म्हणजे ढोंग आहे. मलासुद्धा वाटून गेलं होतं की पोरगं काहीतरी लपवतंय.

मग आमच्याकडे कॅप्टन देवस्थळी आले. हाडांचे डॉक्टर. त्यांनी किसनच्या जुन्या फिल्मा मागवल्या, दिव्याच्या पेटीवर लावल्या आणि खिशातून पट्टी, पेन्सिल आणि शाळेतल्या पोरांकडे असतो तसला कोनमापक काढला. घोट्याच्या हाडांवर त्यांनी रेघा ओढल्या. किती वेळ गेला कोण जाणे, चहा थंड झाला.

"मोडलंय का, ते सगळ्यांनी पाहिलं," ते म्हणाले. "बसलंय कसं, ते कोणी पाहिलं नाही."

त्यांनी मला दाखवलं. पावलाचं वरचं हाड दोन बाजूंच्या हाडांच्या मध्ये बसतं, सांडशीत पातेलं धरावं तसं. किसनच्या सांडशीचा बाहेरचा ओठ आखूड होता. मध्ये बसणाऱ्या हाडाचा माथाही हवा तसा खोलगट नव्हता, सपाट होता. जन्मापासूनची घडण. शेतात अनवाणी चालताना बोटं माती धरतात, तेव्हा निभलं. फौजेच्या खडीवर, खांद्यावर ओझं घेऊन निभेना. वारंवार मुरगळून हाडं बांधून ठेवणाऱ्या शिराही सैल झाल्या होत्या.

"नुसत्या आकारावर मेडिकल बोर्ड ऐकणार नाही," कॅप्टन म्हणाले. "पाय वळवून फिल्म घेऊ. दोन्ही पायांची."

त्यांनी शिशाचे हातमोजे चढवले, एका हातानं किसनची नडगी धरली आणि दुसऱ्यानं टाच आत वळवली.

"दुखेल."

"दुखू द्या. फोटूत दिसंल न्हवं?"

"दिसेल."

मी बटण दाबलं. किसनच्या कपाळावर घाम आला, पण पाय त्यानं हलू दिला नाही.

फिल्म ओली असतानाच आम्ही दिव्यासमोर धरली. डाव्या घोट्यातलं हाड जागेवर होतं. उजव्यातलं एका बाजूला कलंडलं होतं आणि फट अशी उघडली होती की ती बघायला डॉक्टर असण्याची गरज नव्हती. कॅप्टननी कोन मोजला, दोन्हीकडचा, आणि आकडे फिल्मच्या कडेला लिहिले.

किसन म्हणाला, "म्हंजी मी खोटं न्हाई."

"नाहीस."

त्यानं टोपी डोक्यावर बसवली, काढली, पुन्हा बसवली. मला म्हणाला, "दादा, ह्ये जगताप साहेबांस्नी दावाल का?" मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी फिल्म घेऊन गेलोही. जगतापनं ती उन्हाकडे धरली आणि विचारलं, "मोडलंय कुठं?"

जवान कुठल्या कामाला लायक ते ठरवणाऱ्या पुण्याच्या मेडिकल बोर्डाची तारीख कॅप्टननी मागितली आणि तोवर काय करायचं ते चिठ्ठीवर लिहून दिलं. लाइट ड्यूटी. घोट्याला पट्टी. बूट घट्ट बांधून घालणे. उंचसखल आणि ओल्या जागी उभं करू नये.

चिठ्ठी कंपनी ऑफिसात गेली. कारकुनानं लाइट ड्यूटी वाचलं, पाय वाचला, बूट वाचलं. अशा शेकडो चिठ्ठ्या त्यानं पाहिल्या होत्या आणि प्रत्येकीत पाय आणि बूट हे शब्द असले की अर्थ एकच असायचा. त्यानं हुकूम काढला: लाइट ड्यूटी, एक्सक्यूज बूट. बाकीच्या ओळी चिठ्ठीतच राहिल्या. किसननं बूट स्टोअरला जमा केले. हुकूम होता. दोनदा बोलून पाहिलं म्हणे. तिसऱ्यांदा कोण बोलेल?

भाद्रपदात कंपनी आळंदीच्या वरच्या अंगाला इंद्रायणीवर पुलाच्या सरावाला गेली. पाणी उतरत होतं, पण ओढ होती. लाइट ड्यूटीच्या माणसाला ओझं उचलायला लावायचं नाही, पळवायचं नाही, हे जगतापनं काटेकोर पाळलं. त्यानं किसनला काठावरच्या खडकावर उभं केलं आणि बोटीच्या दोराचं टोक हातात दिलं. नुसतं उभं राहायचं काम. त्याच्या समजुतीनं ती मेहरबानी होती.

"दोर सोडायचा नाही."

"व्हय साहेब."

दुपारी इस्पितळातला फोन वाजला. मीच उचलला.

"नदीवरून बोलतोय. एक कॅज्युअल्टी. गाडी निघालीय."

"जखमी आहे का?"

"नाही."

पुढचं मला त्या दोराच्या दुसऱ्या टोकाच्या जवानांनी सांगितलं. बोट प्रवाहात फिरली, दोर ताणला गेला, शेवाळलेल्या खडकावर किसनचा उजवा पाय आत वळला. तो पाण्यात गेला. भामा नदीकाठी वाढलेलं पोर, पोहायला पट्टीचं. दोर सोडला असता तर हातपाय मारून बाहेर आला असता. पण बोटीत माणसं होती, आणि ज्याला वर्षभर कामचुकार म्हटलं तो दोर कसा सोडेल? दोरानं त्याला बोटीखाली नेलं. काठावरून जगताप "सोड, सोड" म्हणून ओरडत होता, तेव्हा किसनचे कान पाण्याखाली होते.

कॅप्टननी चादर पायाकडून उचलली. एका पायात कॅनव्हासचा शूज, दुसरा उघडा.

"याचे बूट कुठे आहेत?"



कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे फौजेची चौकशी, बसली. कॅप्टननी फिल्मा लावल्या, रेघा दाखवल्या, कोन सांगितले. अध्यक्ष अधिकाऱ्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"हाड मोडलेलं होतं?"

"नाही सर."

"चालू शकत होता?"

"सपाट जमिनीवर, बूट घालून."

"लाइट ड्यूटी दिली होती?"

"होय सर."

कागदावर अपघात लागला. कोणाचा दोष नाही. मला याचा राग आला, आणि इतकी वर्षं झाली तरी तो गेलेला नाही. जगताप दुष्ट असता तर बरं झालं असतं, राग धरायला जागा मिळाली असती. कारकून तर त्या दिवशी जेवलासुद्धा नाही. प्रत्येकानं आपापलं काम चोख केलं आणि माणूस मेला. कॅप्टन देवस्थळींनी बदली मागून घेतली. जाताना कोनमापक त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला. मी तो वापरला, पण बरीच वर्षं तो हातात घेताना बरं वाटायचं नाही.

कंपनीच्या आवारात एक दगड आहे. त्यावर लढाईत पडलेल्यांची नावं आहेत. किसन लढाईत पडला नाही, म्हणून त्याचं नाव नाही. त्याचं नाव घेणारे आम्ही थोडेच, आणि दर वर्षी त्यातले कमी होतायत.

त्याचे वडील एसटीनं भोसरीला उतरून चालत आले होते. त्यांच्या भागातला म्हणून मला बरोबर दिलं. स्टोअरमध्ये किसनचं सामान काउंटरवर मांडलं होतं. ट्रंक, कांबळं, दोन सदरे, आरसा. बाजूला सरकारात जमा करायच्या वस्तू, त्यात त्याचे बूट. पॉलिश केलेले, नाड्या ओवलेल्या. म्हाताऱ्यानं हात पुढे केला.

"तात्या, ते सरकारी आहेत," स्टोअरवाला हळू म्हणाला.

"न्यायचं न्हाईत मला." त्यांनी बुटात बोटं घालून चाचपलं. तळ बघितला. "पोरगं पाण्यात गेलं म्हंता. मग ह्ये कोरडं कसं?"

स्टोअरवाला माझ्याकडे पाहायला लागला.

"बूट त्याच्या पायात नव्हते, तात्या," मी म्हणालो. "घालू दिले नव्हते."

म्हाताऱ्यानं बूट होते तसे जोडीनं ठेवले.

"त्यानं मागितलं न्हवतं का?"

"मागितले होते," मी म्हणालो.