मामा ऐन जेवायच्या वेळेला यायचा

मामा गेला असा फोन आला, तेव्हा मी आधी विचारलं, "कोण बोलतंय?"

सवयच तशी लावली होती त्यानं.

दत्तूमामा. माझ्या आईचा थोरला भाऊ. जुन्नरच्या बाजारपेठेत टेलरिंगचं दुकान. दूधवाल्यावर विश्वास नाही, एसटीच्या टाइमटेबलवर नाही, आणि "कापड आटणार नाही" म्हणणाऱ्यावर तर बिलकुल नाही.

काल मयताला खूप लोक होते. सगळे म्हणत होते, देवमाणूस गेला.
त्यातल्या निम्म्यांवर मामाला डाऊट होता.

माझ्यावरही होता.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी जुन्नरला कॉम्प्युटर क्लासला जायचे. तिथं संतोष भेटला. घर पिंपरी पेंढारला, आळेफाट्याला मोटार रिवाइंडिंगचं दुकान.

भेटणार कुठं? आळेफाट्याला मिसळ खायला, नाहीतर लेण्याद्रीला. देवाला जाते म्हटलं की कोण विचारतंय, असं मला वाटायचं.

मामानं मशीन थांबवून विचारलं.

"चतुर्थी न्हाई, मंगळवार न्हाई. तुझी भक्ती एवढी कवा वाढली गं?"

मी सांगून टाकलं सगळं.

वडील नव्हते मला. मामा हो म्हणाला तर लग्न, नाहीतर विषय बंद. आईनं तसं स्पष्ट सांगितलं होतं.

मामा म्हणाला, "चौकशी करतो."

आमच्याकडे चौकशी म्हणजे मुलाच्या गावात चार लोकांना विचारायचं. मामाची रीत वेगळी.

"लग्नाच्या वक्ताला गाव कुणाचंच वाईट सांगत न्हाई. घरात जायचं. न सांगता. ऐन जेवायच्या टायमाला."

गेला. आपण कोण, कुठले, काही सांगितलं नाही. म्हणे, कांद्याचं घरगुती बी शोधतोय.

बी नव्हतं. पण संतोषच्या आईनं दुपारच्या पाहुण्याला उपाशी जाऊ दिलं नाही. पिठलं-भाकरी वाढली.

मामा परत येऊन म्हणाला, "माणसं गोड बोलत्यात. लई गोड. काय तरी हाय."

थोड्या दिवसांनी पुन्हा गेला. पुन्हा कांद्याचं बी. या वेळी ताटात मासवडी आणि तर्रीदार रस्सा.

मामाचा संशय डबल झाला.

"मासवडीला निम्मा दिस जातो. मी येणार ही खबर यांना लागली कशी?"

मी रडकुंडीला आले. "पिठलं वाढलं तरी शंका, मासवडी वाढली तरी शंका. त्यांनी वाढायचं तरी काय?"

"माझ्या ताटातलं बघायला मी जातच न्हाई," एवढंच म्हणाला.

तिसऱ्यांदा मुद्दाम जेवणं उरकल्यावर गेला. परसाच्या दारानं.

आत संतोषची वहिनी, घरातली थोरली सून, रानातून उशिरा येऊन जेवायला बसली होती. सासू चुलीपुढं. तव्यावरची भाकरी थेट सुनेच्या ताटात. सून म्हणतेय, "बास आता, आत्याबाई." सासू म्हणतेय, "गप जेव."

मामा हाक न मारताच मागं फिरला. घरी येऊन म्हणाला, "द्या पोरगी."

मी खूश. आई मात्र पदर तोंडाला लावून रडायला लागली. मला काही कळेना.

मग तिनं सांगितलं.

आईच्या लग्नाच्या वेळी मामा असाच गावात चौकशी करून आला होता. सगळ्यांनी घर चांगलं सांगितलं, त्यानं विश्वास ठेवला. लग्नानंतर एकदा दुपारी बहिणीला भेटायला गेला. घरातल्यांची जेवणं झाली होती. आई दाराआड बसून कालची भाकरी मिठाबरोबर खात होती.

मामा त्या घरी पाणीसुद्धा प्यायला नाही. बहिणीला परत आणायची हिंमत झाली नाही. तेव्हापासून त्यानं कोणाचं काही ऐकून खरं मानलं नाही.

लग्नानंतर सासूबाई एकदा हसत म्हणाल्या, "तुझा मामा पैल्याच दिवशी वळखला आमी. पुसाच्या महिन्यात कांद्याचं बी कोण शोधतं? समद्यांच्या लागणी उरकल्या व्हत्या. तवाच म्हटलं, पोरीकडचं पावणं हायेत. पुन्ना येत्याल म्हणून मासवडी केली."

टेलर माणूस. त्याला काय कळतंय, कांद्याचं बी कधी लागतं ते.

शेवटी भाची मी मामाचीच. मलाही डाऊट आला. मग ती गरम भाकरी पण दाखवायलाच होती का? बरीच वर्षं गुपचूप नजर ठेवली सासूबाईंवर. काही सापडलं नाही. बाई खरंच तशा आहेत.

पुढं आम्ही मंचरला राहायला आलो. मामाचं येणं चालूच. फोन नाही, निरोप नाही. बरोबर जेवायच्या वेळेला बेल.

संतोष कुजबुजायचा, "आलं इन्स्पेक्शन."

मामा थोडंसं जेवायचा आणि मी जेवेपर्यंत हलायचा नाही. माझं ताट रिकामं झालं की म्हणायचा, "चला, गाडी हाय मला."

आत्ता दिवाळीआधी आला तो काठी टेकत. जिना चढून धाप लागलेली. मी चिडलेच.

"मामा, इतकी वर्षं झाली. आता तरी विश्वास ठेव ना."

"विश्वास हाय गं," तो म्हणाला. "पण डोळ्यानं बघितलं की रातची झोप लागती."

तुझी पोरगी पोटभर जेवते रे, मामा. गरम जेवते.

आता बघायला नको येऊस.

निवांत झोप.