रिकाम्या रानाचे राखणदार

दिल्लीबाहेर सोहना रस्त्यावरून डावीकडे वळलं की आज जिथं काचेच्या इमारती उभ्या आहेत, तिथं तेव्हा बाजरी डुलायची. त्या बाजरीत माझ्या आतेभावाचं, राजाराम खोब्रागड्याचं, दीड एकर रान होतं. दिल्लीच्या सरकारी कचेरीत त्यानं उमर काढली, लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये संसार केला, पण भंडाऱ्याची माती काही त्याच्या नखांतून निघाली नाही. निवृत्त झाला तसा त्यानं इथं दोन खोल्या बांधल्या, हातपंप बसवला आणि मला गावाहून बोलावून घेतलं.

"ये बाबू," म्हणाला, "इथं मराठीत भांडायला कुणी नाही."

कौशल्यावहिनी मुलाजवळ, समाधानच्या नोएडातल्या फ्लॅटवर राहायच्या. सून नोकरीला, नात तनया लहान, मग घर कोण सांभाळणार? पण रविवार उजाडला की समाधानची मारुती धूळ उडवत फाटकाशी यायची, आणि तनया गाडी थांबायच्या आधीच दार उघडून धावत सुटायची. राजारामदादाचा सगळा आठवडा त्या धावण्यासाठी असायचा.

बाकी वेळात त्याला एकच नाद होता. तो बुजगावणी करायचा. कुणी पत्ते खेळतं, कुणी भजन करतं, हा बुजगावणी करायचा, आणि तशी मी पुन्हा पाहिली नाहीत. बांबूचा कणा, बाजरीच्या सरमाडाचं, वाळल्या ताटांचं अंग, डोक्याला उपडं मडकं. हात सुतळीनं सैल बांधायचा, म्हणजे वारा आला की ते आपसूक वर उठायचे. कपडे घरच्यांचेच. समाधानचा कॉलेजातला शर्ट, तनयाला आखूड झालेला फ्रॉक, वहिनींची विटलेली जांभळी साडी.

"माझ्यापेक्षा तिलाच शोभते हो साडी," वहिनी म्हणायच्या. "आणि बोलत नाही, हा मोठा गुण!"

"म्हणून तर तिला बारा महिने ठेवतो," दादा म्हणायचा, आणि सगळे हसायचे.

बारा महिने मात्र तो ठेवत नसे. आमच्या आत्याची, म्हणजे त्याच्या आईची, शिकवण होती. पीक निघालं की बुजगावणं त्याच दिवशी उतरवायचं. त्याला राखायला पीक असलं तरच ते आपलं. रिकाम्या रानात उभं राहिलं, तर राखायला दुसरं काहीतरी शोधतं.

पुढे रविवार विरळ झाले. तनयाचा डान्स क्लास, तनयाची परीक्षा, कुणाचा तरी बर्थडे. चहूकडून इमारती वर चढल्या. त्यांच्या बोअरनी पाणी ओढलं आणि आमचा हातपंप नुसता खोकायला लागला. त्या वर्षी बाजरी कापली, पण मोहरी पेरलीच नाही. मी बुजगावणी उतरवायला निघालो, तर दादानं हात धरला.

"राहू दे रे. रान भरल्यासारखं वाटतं."

"आत्या काय म्हणायची, दादा?"

"आई दीक्षेच्या आधीचं बोलायची. आपण बाबासाहेबांची माणसं. सरमाडाला भ्यायचं?"

मी माघारी फिरलो. मोठ्या भावाला किती सांगायचं?

त्या हिवाळ्यात पाखरं आली नाहीत. दरसाल कापणीनंतर सांडलेल्या दाण्यांवर चिमण्यांचा गलका असायचा. या खेपेला दाणे पडल्या जागी काळे पडले. धुकं यायचं, उतरायचं, आणि त्यात ती सरमाडाची माणसं उभी असायची. पुढे एका सकाळी पाहतो तर सगळ्यांची मडकी रस्त्याकडे वळलेली.

"वारं," दादा म्हणाला.

धुक्यात कसलं आलंय वारं?

मग बिल्डरची माणसं टेप आणि लाल झेंड्या घेऊन आली. जमीन द्या म्हणून ती वर्षभर मागं लागली होती. फाटकाशीच थबकली. त्यातला एक बाहेरूनच ओरडला, "ताऊ, इतने आदमी क्यों खड़े कर रखे हैं? हम तो बात करने आए थे!" आणि सगळी परत फिरली. दादा संध्याकाळपर्यंत हसत होता. "बघ बाबू, बिनपगारी चौकीदार!"

तनयाचा वाढदिवस रविवारी आला. समाधाननं नक्की येतो म्हणून कळवलं होतं. दादानं स्वतः खीर केली, खाट अंगणात ओढली, आणि आम्ही दोघं फाटकाकडे तोंड करून बसलो. ऊन डोक्यावर आलं, कलंडलं. खिरीवर साय धरली. कुणी आलं नाही.

तिन्हीसांजेला आम्ही नाक्यावरच्या पीसीओतून फोन लावला. रिसीव्हर दोघांच्या कानांच्या मधे धरला.

"आलो होतो, बाबा," समाधान म्हणाला. "तुमच्याकडे पाहुणे होते ना? फाटकाला लागून उभे होते सगळे. किती हॉर्न दिले, कुणी बाजूला होईना. तनया उतरेचना. म्हणाली, ती बाई आजीची साडी नेसलीय."

आम्ही दिवसभर तिथंच बसलो होतो. हॉर्न काही ऐकला नव्हता, आणि फाटकाशी कुणी उभं नव्हतं.

मग वहिनींनी फोन घेतला. "ठेवा आता तिलाच. तिच्याच हातचं खा!" बोलणं नेहमीचंच होतं, पण उत्तराची वाट न पाहता त्यांनी फोन ठेवला.

परतताना दादा एकच वाक्य बोलला. "हे उभे आहेत तोवर जमीन राहील, पण पोर येणार नाही."

सकाळी त्यानं स्वतः कुदळ घेतली. सरमाडाचं ओझं ते किती, पण एकेक उपटायला आम्ही दोघं लागलो. बांबूंच्या बुडाला पांढरी मुळं फुटून पार खोल गेली होती. साडीला हात लावताना दादा जरा थांबला. मग सगळं एका ढिगात पेटवलं. धूर वर न जाता रानावरच बराच वेळ बसून राहिला.

पुढच्या रविवारी समाधानला पुन्हा बोलावलं होतं. दादा पहाटेच रानाच्या मधोमध जाऊन उभा राहिला. "फाटकातून आधी मीच दिसलो पाहिजे तिला," म्हणाला. गाडी आली. त्यानं दोन्ही हात पसरले. दार उघडलं, तनयानं एक पाय खाली टेकवला, रानाकडे पाहिलं आणि पाय आत घेतला.

"पप्पा," ती म्हणाली, "एक अभी बाकी है."

कुणी हसलं नाही. दादा हाक मारू पाहत होता, पण ओठ हलत नव्हते, आणि पसरलेले हात खाली येत नव्हते. मी धावलो. आधी एक हात खाली केला, मग दुसरा. त्या हातांना काही वजनच नव्हतं.

त्याच गाडीत बसून दादा नोएडाला गेला. फाटकाला कुलूपही लावलं नाही. दोन महिन्यांत त्यानं बिल्डरच्या कागदांवर सही केली, आणि मी माझी वळकटी उचलून गावाची गाडी धरली.

मागल्या थंडीत त्याला भेटून आलो. पाचवा मजला, छोटी बाल्कनी. तो दिवसभर तिथं खुर्चीत बसतो. शेजारच्या सगळ्या बाल्कन्यांना कबुतरांसाठी जाळ्या लावलेल्या, यांच्याकडे गरज नाही.

"हे आल्यापासून एक कबूतर फिरकलं असेल तर शपथ!" वहिनी कौतुकानं सांगत होत्या.

दादानं तनयाला हाक मारली. ती आली, दाराच्या चौकटीत उभी राहिली, "हां आजोबा?" म्हणाली. तो तिच्याकडे पाहून हसला. हात त्यानं मांडीखाली दाबून धरले होते.

ती चौकटीतच उभी राहिली.